केमिस्ट्री घ्यावी की बायोकेमिस्ट्री? नागपुरात बीएससी करणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर

काटोलहून नागपुरात शिकायला आलेल्या, बीएससीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिचे विषय केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री आणि झूलॉजी. नीटमध्ये थोडक्यात हुकलं म्हणून इकडे प्रवेश घेतला. ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन आणि बायोकेमिस्ट्रीच्या सायकली पाठ करून जीव मेटाकुटीला आलाय, आणि परीक्षा संपली की सगळं विसरायला होतं. एमएससीला बायोकेमिस्ट्री घेतली तर केमिस्ट्री सुटेल का? पुढे वाव कशाला जास्त? आणि हे नागपुरात राहून जमेल, की पुणे-मुंबई गाठावीच लागेल?

केमिस्ट्री सुटणार नाही, आणि सुटावी अशी इच्छाही धरू नकोस. मी एमएससी केमिस्ट्रीत केली, पीएचडी बायोकेमिस्ट्रीत, आणि बरीच वर्षं नागपुरातच दोन्हीकडच्या मुलांना शिकवतेय. बायोकेमिस्ट्रीत अडणारी मुलं बहुतेक वेळा बायोकेमिस्ट्रीत अडलेली नसतातच. कुणाचं आम्ल-आम्लारी कच्चं असतं, कुणाला समतोल समजलेला नसतो, कुणी लॉगरिदम दहावीनंतर हातात धरलेला नसतो. परीक्षा घेणाऱ्यांनाही हे माहीत आहे. गेट या पदवीनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर उघडून बघ: बायोकेमिस्ट्री, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी वगैरेंतून दोन विभाग निवडता येतात, पण केमिस्ट्रीचा विभाग सगळ्यांना सक्तीचा. आयआयटीच्या जॅम या एमएससी-प्रवेश परीक्षेत तर बायोकेमिस्ट्रीचा वेगळा पेपरच नाही, केमिस्ट्रीचा आहे आणि बायोटेक्नॉलॉजीचा आहे.

आता पाठांतराचं. तुझी खरी अडचण तीच आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी ग्लुकोज तोडते त्या प्रक्रियेच्या, दहा पायऱ्या तू दहा नावं म्हणून पाठ केल्या असशील. त्याऐवजी प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचार: हे इथेच का? दुसरी पायरी घे. ग्लुकोज-६-फॉस्फेटचं फ्रुक्टोज-६-फॉस्फेट होतं. पेशीने एवढा खटाटोप कशासाठी केला? पुढे अल्डोलेज या एन्झाइमला सहा कार्बनचा रेणू मधोमध तोडायचा आहे. अल्डोल अभिक्रिया तुला ऑरगॅनिकमध्ये आहेच. ती उलटी चालवली की कार्बोनिलच्या शेजारचा कार्बन आणि त्याच्या पुढचा कार्बन यांच्यातला बंध तुटतो. ग्लुकोजमध्ये कार्बोनिल पहिल्या कार्बनवर आहे, तिथून तोडलं तर तुकडे पडतील दोन आणि चार कार्बनचे. कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर सरकवला की बंध तिसऱ्या-चौथ्यात तुटतो आणि तीन-तीनचे दोन तुकडे मिळतात. हे दोन तुकडे एकमेकांत बदलता येतात, त्यामुळे पुढचा रस्ता दोघांना एकच पुरतो. एवढं एकदा कागदावर काढून पाहिलंस की ती पायरी आयुष्यात विसरणार नाहीस.

त्यापुढच्या क्रेब्स सायकलमध्येही (ग्लुकोजच्या तुकड्यांतून कार्बन डायऑक्साइड आणि ऊर्जा काढणारं चक्र) असंच. सायट्रेटचं आयसोसायट्रेट का करायचं? सायट्रेटवरचा हायड्रॉक्सिल गट टर्शरी कार्बनवर आहे, आणि टर्शरी अल्कोहोलचं सहज ऑक्सिडेशन होत नाही हे तू पहिल्या वर्षी शिकलीस. अकोनिटेज हे एन्झाइम तो गट शेजारच्या कार्बनवर नेतो, अल्कोहोल सेकंडरी होतं, मग ऑक्सिडेशन सरळ होतं. त्यातून तयार होतं ऑक्झॅलोसक्सिनेट, म्हणजे बीटा-कीटो आम्ल (कार्बोक्सिलपासून एक कार्बन सोडून कीटोन), आणि बीटा-कीटो आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जायला फार आढेवेढे लागत नाहीत. इथाइल अॅसिटोअॅसिटेटच्या धड्यात शेवटी 'उष्णता द्या, कार्बन डायऑक्साइड निघतो' असं जे लिहिलंय, तीच ही गोष्ट. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या श्वासाला गोडसर वास येतो, तो अॅसिटोनचा. रक्तातल्या अॅसिटोअॅसिटेटमधून तो कुठल्याही एन्झाइमशिवाय, आपोआपसुद्धा सुटतो, कारण तेही बीटा-कीटो आम्लच.

ग्लायकोलिसिसच्या शेवटी मिळणारं पायरुव्हेट मात्र अल्फा-कीटो आम्ल आहे, म्हणजे कीटोन थेट कार्बोक्सिलला लागून. तिथे कार्बन डायऑक्साइड निघाला की मागे उरणारा ऋणभार सामावून घ्यायला शेजारी कुणी नाही. म्हणून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, लागतं. थायमिनमधली पाच अणूंची रिंग पायरुव्हेटला चिकटते आणि इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेते. अल्फा-कीटोग्लुटारेटला पुन्हा थायमिन लागतं, कारण तेही अल्फा-कीटो. पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना बेरीबेरी का होतो, याचं उत्तर या एका इलेक्ट्रॉनच्या जोडीपर्यंत नेता येतं. ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्रीच्या दोन वेगळ्या वह्या ठेवायचं बंद कर. बायोकेमिस्ट्रीची प्रत्येक पायरी लिहिताना शेजारी ऑरगॅनिकमधलं तिचं नाव लिही: अल्डोल, ऑक्सिडेशन, डिहायड्रेशन, फॉस्फेटची बदली. अख्ख्या चयापचयात अशी नावं मोजकीच सापडतील.

पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीबद्दल एक वाक्य मात्र डोक्यातून काढून टाक: 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.' बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावीच लागते. एटीपीच्या जलविघटनात प्रमाण स्थितीला मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते, कारण तयार होणारे पदार्थ मूळ रेणूपेक्षा जास्त स्थिर असतात. ऋणभारांची आपसातली ढकलाढकल कमी होते, फॉस्फेटला रेझोनन्स जास्त मिळतो, पाणी त्याला चांगलं वेढून घेतं. व्हायवात हे नीट सांगणारी मुलं फार कमी भेटतात, आणि जी सांगतात त्यांच्याशी पुढचं बोलायला एक्स्टर्नललाही आनंद होतो.

आता प्रयोगशाळा. एक प्रयोग अगदी जवळून दाखवते, कारण दोन्ही विषय त्यात एकाच बीकरमध्ये आहेत. समज, तुला ०.१ मोलर फॉस्फेट बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) करायचा आहे, पीएच ७.४. बफरचा पीएच काढायचं हेंडरसन-हॅसलबाल्खचं समीकरण वर्गात झालंय, फॉस्फोरिक आम्लाचा दुसरा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो, तो आकडा) ७.२ दिलाय. फरक ०.२, त्याचा अँटिलॉग १.५८, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये डायसोडियम फॉस्फेटचं द्रावण ६१ आणि मोनोसोडियमचं ३९. गणित बरोबर आहे. द्रावण मिसळ आणि पीएच मीटरमध्ये धर. काटा ७.१च्या आसपास थांबेल. इथे बहुतेक मुलं मीटरला दोष देतात, दोन थेंब सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात, जर्नलमध्ये ६१-३९ लिहितात आणि पुढे जातात.

मीटर ठीक आहे. पुस्तकातला ७.२ हा अतिशय विरल द्रावणाचा आकडा आहे. ०.१ मोलरला द्रावणात आयनांची गर्दी असते. दोन ऋणभार असलेल्या फॉस्फेटभोवती सोडियमचे आयन गोळा होतात, त्यामुळे तो रेणू त्या अवस्थेत जास्त सुखात राहतो आणि प्रोटॉन सोडायला लवकर तयार होतो. प्रत्यक्षातला पीकेए ६.८-६.९ होतो. म्हणूनच जुन्या बफर तक्त्यांत ७.४साठी प्रमाण दिलेलं असतं साधारण ७७ आणि २३. फिजिकल केमिस्ट्रीत डेबाय-हुकेलचा, म्हणजे आयनांच्या आपसातल्या ओढाताणीचा, जो धडा 'हा येत नाही परीक्षेला' म्हणून सोडला जातो, तो तुझ्या बीकरमध्ये समोर उभा असतो. कधी जमलं तर हे दोन्ही बफर स्वतः कर, मीटरवर बघ, आणि जर्नलमध्ये आलेला खरा आकडा लिही. रीडिंग जुळवून लिहायची सवय लागली की विषय तिथेच संपतो. रीडिंग जुळलं नाही, हीच खरी शिकायची जागा असते. त्यावर मार्क कापणारे परीक्षक असतात हे मला माहीत आहे. तरीही खरा आकडा लिही आणि तो तसा का आला हे खाली दोन ओळींत लिही.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे फार महत्त्वाचं होतं, कारण आपल्याकडची हवा पुस्तकातल्या २५ अंशांना मोजत नाही. प्रथिनांच्या कामात वापरतात त्या ट्रिस बफरचा पीकेए तापमान एक अंशाने वाढलं की सुमारे ०.०२८ने उतरतो. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असलेल्या लॅबमध्ये ३८ अंशांना तू ट्रिस ८.०ला लावलास आणि प्रथिनं काढायला फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवलास, तर आत त्याचा पीएच ९च्या जवळ गेलेला असेल. एन्झाइम मेलं तर त्याचा दोष एन्झाइमला देऊन उपयोग नाही. मीटरवरचं तापमानाचं बटण इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं, बफरचा पीएच नाही. ज्या तापमानाला बफर वापरायचा, त्याच तापमानाला त्याचा पीएच लावायचा. फॉस्फेटमध्ये हा बदल साधारण दहापट कमी असतो.

तसाच डायइथाइल इथर. त्याचा उत्कलनांक ३४.६ अंश. मे महिन्यात नागपुरात लॅबचं तापमान सहज याच्यावर असतं, म्हणजे बाटली उघडली की इथर उकळायलाच लागतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरपटत जाते आणि दूर पेटलेल्या बर्नरपर्यंत पोचते. सेपरेटिंग फनेल हलवताना दर वेळी तोटी उघडून दाब सोड, तोंड माणसांच्या दिशेने धरू नकोस, आणि शक्य असेल तर इथरचं काम हिवाळ्यात किंवा सकाळी सातलाच उरकायचं. डायक्लोरोमिथेनचाही ४० अंशांना तोच प्रकार. लायकर अमोनियाची (अमोनियाच्या तीव्र द्रावणाची) बाटली उन्हाळ्यात आधी बर्फाच्या पाण्यात गार करून, चष्मा लावून, फ्यूम हूडमध्येच उघडायची. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहितेय. आणि ३७ अंशांचा वॉटर बाथ: गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच दुपारी त्याहून गरम असतं. बाथला गरम करता येतं, गार करता येत नाही. थर्मामीटर बघून बर्फ टाकावा लागतो, नाहीतर लाळेतल्या अमायलेजला स्टार्च तोडायला लागणारी वेळ जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये भलतीच येते.

द्रावण किती प्रकाश शोषतं हे मोजणाऱ्या कलरीमीटरबद्दल थोडंसंच. अॅब्सॉर्बन्स २ म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश पलीकडे पोचला. त्या एक टक्क्याच्या भरवशावर प्रथिनाचं प्रमाण सांगू नये. नमुना विरल करून परत वाचायचा. स्टँडर्ड ग्राफच्या टोकाबाहेर रेघ ओढून उत्तर काढायचं नाही.

आता तुला विदर्भाची एक गोष्ट सांगते. या दोन विषयांचा संबंध काय, हे मला कुणी विचारलं की मी हीच सांगते. सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्ताचा आजार. आपल्याकडे गावोगावी हा आजार आहे, तुझ्या वर्गातही एखादी वाहक (एकच सदोष जनुक असलेली) असू शकेल. मध्य भारतातल्या सिकल सेल वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख लॅन्सेटमध्ये १९५८ सालीच आला होता. पण त्याआधी, १९४९मध्ये, लायनस पॉलिंग नावाच्या केमिस्टने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं. एखादा आजार एका रेणूतल्या बदलामुळे होतो, हे तेव्हा पहिल्यांदा पुढे आलं. नंतर १९५६-५७मध्ये व्हर्नन इंग्रॅमने तो बदल हुडकला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन.

आता तू विचार कर. ग्लुटामिक आम्लाच्या बाजूच्या साखळीवर कार्बोक्सिल गट आहे, पीकेए चारच्या आसपास. इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रेणू विजेच्या क्षेत्रात सरकवण्याच्या त्या प्रयोगाचा, बफर पीएच ८.६चा. तिथे तो गट पूर्णपणे ऋणभारित असणार. व्हॅलिनवर भार नाहीच. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणजे दोन ऋणभार कमी झाले. म्हणून सिकलचा पट्टा धन टोकाकडे जाताना मागे राहतो. वाहकाच्या नमुन्यात दोन्ही पट्टे दिसतात. हे उत्तर तू पाठ केलेलं नाहीस, पीकेएवरून काढलंस.

पुढे चल. भार गेला आणि त्या जागी पाण्याला नको असलेला व्हॅलिन आला. ऑक्सिजन सुटलेल्या अवस्थेत तो शेजारच्या रेणूवरच्या खाचेत जाऊन बसतो आणि रेणूंच्या लांब दोऱ्या तयार होतात. सॉल्युबिलिटी टेस्टमध्ये आपण नेमकं हेच बघतो: डायथायोनाइटने ऑक्सिजन काढून घ्यायचा, फॉस्फेटचा दाट बफर घालायचा, आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचं. गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण या टेस्टवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजायचं तंत्र) करावंच लागतं. नवजात बाळात तर ही टेस्ट फसते, कारण तेव्हा रक्तात बरंचसं हिमोग्लोबिन एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, असतं आणि ते दोऱ्या होऊ देत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मोठ्या माणसात हेच हिमोग्लोबिन एफ वाढवतं.

आणि गतिशास्त्र. दोऱ्या तयार व्हायला सुरुवात होण्याआधी जो वेळ जातो, तो हिमोग्लोबिनच्या तीव्रतेवर विलक्षण अवलंबून असतो. वर्गात आपण अभिक्रियेचा पहिला आणि दुसरा क्रम शिकतो, इथे घातांक पंधराच्याही वर जातो. म्हणजे लाल पेशीतलं पाणी जरासं कमी झालं तरी तो वेळ झपाट्याने घटतो, आणि पेशी केशवाहिनीतून पार होण्याआधीच विळ्यासारखी वाकते. सिकलच्या मुलांना मे महिन्यात 'पाणी भरपूर पी, उन्हात फिरू नको' असं डॉक्टर सांगतात, त्यामागे ही केमिस्ट्री आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ला सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिला गावपातळीवर तपासणी करणारी, रिपोर्ट समजणारी आणि घरच्यांना मराठीत किंवा गोंडीत समजावून सांगणारी माणसं लागतात. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या वैदर्भीय मुलीसाठी यापेक्षा जवळचं काम मला तरी माहीत नाही.

मग एमएससी कशात? माझं मत असं. नवीन शैक्षणिक धोरणातली मेजर-मायनरची सोय तुझ्या कॉलेजात असेल आणि अजून निवड करता येत असेल, तर केमिस्ट्री मेजर आणि बायोकेमिस्ट्री मायनर ठेव. केमिस्ट्री पक्की असलेली मुलगी पुढे बायोकेमिस्ट्रीत सहज जाते. उलट्या दिशेचा रस्ता पात्रतेच्या अटींमुळेही अरुंद असतो आणि तयारीमुळेही. मात्र फिजिकल केमिस्ट्री टाळण्यासाठी बायोकेमिस्ट्री घेणार असशील, तर घेऊ नकोस. एन्झाइमची गती, पडद्यातून होणारी ने-आण, रेणूचं रेणूशी बांधलं जाणं, हे सगळं गणितात बोलतं. लॉगरिदम, घातांक, आलेखाचा उतार आणि थोडं कॅल्क्युलस एवढं सुट्टीत परत करून टाक. झूलॉजी तुला मनापासून आवडत असेल, पेशीत काय चाललंय हे जाणून घ्यायची ओढ असेल, तर बायोकेमिस्ट्री जरूर घे, आणि घेतलीस तर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक विकू नकोस.

नोकरीचं सरळ सांगते. केमिस्ट्रीच्या एमएससीला औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या आणि मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात दारं जास्त उघडी आहेत. तिथे एचपीएलसी चालवता येणं आणि नोंदी प्रामाणिक ठेवता येणं, दोन्ही बघतात. नागपुरात प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे. तिच्या जाहिरातींवर नजर ठेव. बायोकेमिस्ट्रीच्या मुलांचा ओढा हॉस्पिटलच्या लॅबकडे असतो, आणि तिथे एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी: विद्यापीठातली एमएससी बायोकेमिस्ट्री आणि मेडिकल कॉलेजातली एमएससी मेडिकल बायोकेमिस्ट्री या दोन वेगळ्या पदव्या आहेत. मेडिकल कॉलेजात किंवा मोठ्या हॉस्पिटलात काम करायचं मनात असेल तर जाहिरातीत कोणती पदवी मागितलीय हे प्रवेशाआधी वाच, एमएससी झाल्यावर नको. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवीच. सीएसआयआर-नेटमध्ये बायोकेमिस्ट्रीवाल्यांना लाइफ सायन्सेसचा पेपर असतो, म्हणजे वनस्पती, प्राणी, परिसंस्था, उत्क्रांती सगळं करावं लागतं. केमिस्ट्रीवाल्यांना केमिकल सायन्सेस, म्हणजे आपलाच विषय. हा फरक पुष्कळांना एमएससीच्या शेवटच्या सेमिस्टरला कळतो.

पुणे-मुंबईचं म्हणशील, तर संधी मिळाली तर जा. जॅम देऊन आयआयटीत जागा मिळाली, किंवा एखाद्या केंद्रीय विद्यापीठात मिळाली, तर नागपूरच्या मायेने मागे राहू नकोस. पण नागपूर म्हणजे दुय्यम, असं मनात धरूनही बसू नकोस. विज्ञान संस्था, म्हणजे पूर्वीचं व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स, १९०६ची. विद्यापीठ १९२३चं. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) उभी राहिली आणि आता ती स्वतःच विद्यापीठ झालीय. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८पासून इथे आहे. पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची 'नालगोंडा पद्धत' नीरीनेच बसवली. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींचं फ्लोराइड हा आपल्या अगदी अंगणातला प्रश्न आहे. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातांवर डाग पडायला लागतात, आणखी वाढलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं वाकतात. दातातल्या हायड्रॉक्सिअॅपेटाइटमधल्या हायड्रॉक्सिलची जागा फ्लोराइड घेतो, आणि हा रेणू इनऑरगॅनिकचा की बायोकेमिस्ट्रीचा हे विचारण्यात काही अर्थ राहत नाही.

मराठी माध्यमातून आली असशील तर इंग्रजीचा धसका घेऊ नकोस. उत्तर आधी मराठीत मैत्रिणीला समजावून सांग. जिथे अडखळशील तिथे समजलेलं नाही, इंग्रजी आड आलेलं नाही. मग तेच इंग्रजीत छोट्या वाक्यांत लिही.

तू काटोलची आहेस, म्हणजे संत्रं घरचं. घरच्या रसाने सुरुवात कर, कॉलेजच्या लॅबमध्ये सर किंवा मॅडमची परवानगी घेऊन. संत्र्याचा रस काढल्यावर थोड्या वेळाने कडवट का लागतो? अख्ख्या फळात एक बिनकडू पूर्वरूप असतं. फळ पिळलं की ते आम्लाच्या आणि फळातल्याच एका एन्झाइमच्या संपर्कात येतं, त्याची लॅक्टोन रिंग मिटते आणि लिमोनिन हा कडू रेणू तयार होतो. लॅक्टोन तुझ्या ऑरगॅनिकमध्ये आहे, एन्झाइम बायोकेमिस्ट्रीत. दुसरं, क जीवनसत्त्व आयोडीनने टायट्रेट कर, स्टार्च निर्देशक म्हणून. ०.००५ मोलर आयोडीनचा एक मिलिलिटर म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम अॅस्कॉर्बिक आम्ल. ताजा रस, तासभर उघडा ठेवलेला रस, उकळलेला रस, आंबिया बहाराचा आणि मृग बहाराचा रस, प्रत्येकाची तीन-तीन रीडिंग घे. आयोडीन रसातल्या इतर क्षपणकारकांनाही (रिड्यूसिंग पदार्थांनाही) लागतं, त्यामुळे आकडा थोडा चढाच येईल. तो किती चढा असेल, हे शोधायला कोणता नियंत्रण प्रयोग लावशील, ते स्वतः ठरव.

हे काम नीट नोंदवून ठेवलंस तर ते उन्हाळी फेलोशिपच्या अर्जात कामाला येईल. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून बीएससीच्या मुलांना उन्हाळ्यात मोठ्या प्रयोगशाळांमध्ये संशोधकांकडे काम करायला पाठवतात. त्याचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरावे लागतात, आणि दोन महिन्यांत काय करायचंय हे आपल्या शब्दांत लिहावं लागतं. दिवाळी झाली की जाहिरात बघायला लाग, आणि शिफारशीसाठी शिक्षकांना आठवडाभर आधी सांग, शेवटच्या रात्री नाही.